खंड्याच्या नावावरची गणितं

शाळेतून फोन आला तेव्हा मी कंपनीत खोक्यांवर चिकटपट्टी मारत होते. वसई पूर्वेला औषधांचं पॅकिंग करणारी कंपनी आहे, तिथल्या बायकांवर मी देखरेख करते. कामाच्या वेळी फोन उचलायची बंदी, पण शाळेचा नंबर दिसल्यावर कुठल्या आईचा हात गप्प बसतो? वर्गशिक्षिका होत्या. म्हणाल्या, "ताई, उद्या जरा येऊन जाल का? गणिताबद्दल बोलायचंय." मी म्हटलं, "का हो, पहिली आली का?" आणि हसले. पलीकडून काही हसू आलं नाही.

मुलगी चौथीत. आमच्या भुईगावातलीच मराठी शाळा. गणित म्हणजे तिचा जीव. बाजारात मी हिशोब जुळवत उभी असायचे आणि ही खालून उत्तर सांगून मोकळी व्हायची. चारचौघांत आईचं नाक कापायची हौसच म्हणा ना. म्हणून गणिताबद्दल बोलायचंय म्हटल्यावर मला कौतुकाशिवाय दुसरं काही सुचलंच नाही.

त्या वर्षी शाळेत मोबाईलवरचं गणित आलं होतं. एका संस्थेची मुलं जूनमध्ये येऊन सगळ्या पालकांच्या फोनवर ते घालून गेली, आमच्याकडे नवऱ्याच्या जुन्या फोनवर, जो घरीच असतो. माझं आधी डोकंच फिरलं होतं. पोरांच्या हातातला मोबाईल सोडवायला आपण जिवाचा आटापिटा करायचा आणि शाळेनं तो आपणहून हातात द्यायचा, ही कुठली रीत? पण प्रकरण बरं निघालं. त्यातली गणितं आमच्याच गावची होती. केळीचा लोंगर, म्हणजे घड, त्याच्या फण्या, मोगऱ्याच्या कळ्या, गजरे, आणि आमची बावखलं, म्हणजे वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी खणून ठेवलेली तळी. बावखलात एवढं पाणी, मोटर इतका वेळ चालली, तर किती उरलं. आवाजही इकडच्याच कुणा बाईचा.

प्रत्येक मुलानं एक पक्षी निवडायचा, तेच त्याचं नाव. आमचीनं खंड्या निवडला, बावखलाच्या काठावर रोज दिसतो म्हणून. गणितं सुरू व्हायच्या आधी फोन विचारायचा, आज किती करणार? मुलानं आकडा टाकायचा. कुठल्या इयत्तेची करणार, तेही मुलानंच ठरवायचं. अडलं तर फोन म्हणायचा, थांब, श्वास घे, परत बघ. शेवटी तीन तोंडं यायची, एक हसरं, एक मधलं, एक पडलेलं, आणि आज कसं गेलं ते मुलानं खरं खरं सांगायचं. पालकसभेत बाईंनी समजावलं होतं की याला स्वयंनियमन म्हणतात, मुलानं स्वतःच स्वतःला लगाम घालायला शिकायचं. मागं बसलेली एक आजी म्हणाली, तो लगाम मोठ्यांसाठी पण मिळतो का. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा राग गावाला माहीत आहे.

तर दुसऱ्या दिवशी गेले. बाई तरुण, विरारहून येणाऱ्या, कामाला चोख. त्यांनी आपला फोन माझ्यासमोर धरला. प्रत्येक पक्ष्याची एक रेघ. खंड्याची रेघ गणपतीपर्यंत वर वर गेलेली आणि तिथून पुढं जी घसरली ती खालीच.

"चौथीची गणितं करत होती," बाई म्हणाल्या. "मग आपणहून तिसरीच्या पायरीवर गेली. आता दुसरीची करतेय, आणि तीही चुकतात. पाच करणार म्हणते, ती पाच करायला पाऊण तास घेते. रोज पडलेलं तोंड दाबते. वर्गात विचारलं तर येतं तिला, पण हल्ली लक्ष नसतं. घरी काही झालंय का?"

मी चुका बघितल्या. सात फण्यांच्या जागी सहा. बाराच्या जागी अकरा. आणि मला एकदम हसू फुटलं. "अहो बाई, हा आमच्या आबांचा लाभ आहे."

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या घरात केळी मोजायची एक रीत आहे. लोंगर उतरवला की पहिली फणी बाजूला ठेवायची आणि म्हणायचं, लाभ. ती देवाची. तिला आकडा नाही. मोजणी दुसऱ्या फणीपासून. बाकी मुलखात धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात आणि पुढच्याला सरळ दोन म्हणतात, माझ्या माहेरी साताऱ्याकडे तसंच आहे. पण यांच्याकडे लाभ मोजणीच्या बाहेर. लग्न होऊन आले तेव्हा मी वाद घातला होता की देवाची झाली म्हणून फणी काय हवेत गेली का, ती धरूनच मोजायची. आबा म्हणाले होते, "देवाचं मोजायचं नसतं, सूनबाई." गावात आपल्या वाडवळी बोलीत घडाघडा बोलणारा माणूस, माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखी सावकाश मराठी बोलायचा, मला कळावं म्हणून. मग मी काय भांडणार?

बाईंना ही गोष्ट आवडली. पण त्यांनी बोट पुढं सरकवलं. "एकाचा फरक सुरुवातीला होता, ताई. आता हे बघा." नवाच्या जागी चार. सहाच्या जागी तेरा. यात कसला लाभ आणि कसलं काय.

मग बाईंनी मुद्द्याचं सांगितलं. चौथीचे दोन गट केले होते. पुढच्या गटाची शिष्यवृत्तीची तयारी रोज शाळा सुटल्यावर त्या स्वतः करून घेणार होत्या. दुसरा पाया गट, त्यांना बेरीज-वजाबाकीपासून परत. "तिला मी पाया गटात घेतेय. शिक्षा नाही ही. पण खाली भोक असताना वर भरत राहण्यात अर्थ नाही."

शिष्यवृत्तीचं वेड माझ्या मुलीला दुसरीपासून होतं. शेजारच्या ताईला मिळालेली, तिचा फोटो शाळेच्या फळ्याशेजारी लावलेला. आमची रोज त्या फोटोकडे बघून वर्गात शिरायची. आता ती त्याच वर्गात मागं, पाया गटाच्या चटईवर बसणार होती.

घरी येताना माझा पारा असा चढला होता की रिक्षावाल्यानंही एक शब्द काढला नाही.

मुलीला समोर उभं केलं. काय चाललंय तुझं? येत असताना चुकतेस कशी? फोनवर दुसरं काही बघतेस का? ती खाली बघत उभी. आबा ओटीवर बसून नारळाच्या झापांच्या काड्या काढत होते. एरवी मी तिच्यावर आवाज चढवला की आबा मध्ये पडणार म्हणजे पडणार. त्या दिवशी काडी सोलत राहिले, सोलून झालेलीच काडी परत सोलत राहिले. मला वाटलं, लाभाची खोड त्यांनी लावली म्हणून ओशाळले असतील.

मी फोन कपाटात टाकला. दुपारच्या वेळी घरात हे दोघंच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, नवरा टेम्पोवर, तो जेवायच्या वेळेला उगवणार. आजोबा आणि नात एकमेकांना सांभाळतात याच भरवशावर आमचं घर चाललं होतं.

फोन कपाटात गेला आणि मुलगी नाही, आबाच सैरभैर झाले. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. नातीला ते बाय म्हणतात. "बायचा अभ्यास राहील." दुसऱ्या दिवशी परत. "ते रोज करायचं असतं. एक दिवस चुकला तर मागं जातं, असं त्या फोनमधली बाई सांगते." मी म्हटलं, "आबा, तुम्ही तिला लाडावून ठेवलंय." ते म्हणाले, "बरं." आणि तिथंच उभे. भाजी फोडणीला पडली, परतली, शिजली, तरी तिथंच. शेवटी मी वैतागून फोन काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला.

तुम्हाला वाटेल, बाई घरात राहते आणि हिला काही दिसलं कसं नाही. दिसत होतं हो. पण जे दिसत होतं त्याला आमच्याकडे नाव तयार होतं. केळी न्यायला येणारा माणूस म्हणायचा, आबांच्या मोजणीत फणी मागंपुढं होते. नवरा म्हणायचा, आबांचा देव हल्ली जास्त खातो. एक दिवस लोंगराच्या निम्म्या फण्या बाजूला ठेवलेल्या, आणि आबा म्हणाले, लाभ. आम्ही हसलो. म्हातारपणी भक्ती वाढते माणसाची, असं म्हणून मी त्यातल्या चार केळ्यांची शिकरण केली. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्याकडे चुकीला देवाचा आधार होता.

मग एक दिवस कंपनीत वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी घराच्या मागच्या बाजूनं, वाडीतून आले. ओटीवर आबा बसले होते, चष्मा नाकावर, फोन मांडीवर. शेजारी मुलगी, तिच्या पुढ्यात पाटी. पाटीवर ती आपली चौथीची गणितं करत होती, भागाकाराची, लांबलचक. आणि फोन आबांना विचारत होता, "एका फणीत इतकी केळी, तर दोन फण्यांत किती?"

आबांनी अंगठा उचलला. कितीतरी वेळ तो हवेत होता. मग टेकला.

"थांब," फोनमधली बाई म्हणाली. "श्वास घे. परत बघ."

आबांनी श्वास घेतला. खरंच घेतला, छाती भरून, शाळेतल्या मुलासारखा. आणि परत चुकले.

"आबा, थांबायचं का आज?" मुलीनं पाटीवरून डोकं न उचलता विचारलं.

"ना. पाच म्हटलंय तर पाच."

ती थांबली. उत्तर सांगितलं नाही, कुजबुजली नाही, बोटानं दाखवलं नाही. मी असते तर हातातून फोन ओढून करून टाकलं असतं. पाच झाली. तीन तोंडं आली असावीत, कारण आबांनी क्षणभर बघितलं आणि पडलेल्यावर बोट ठेवलं. तिथंही हा माणूस खोटं बोलला नाही. मी वळले, पुढच्या रस्त्यावर गेले, आणि नेहमीच्या वेळेपर्यंत देवळाच्या कट्ट्यावर बसून राहिले. तिथं बसून मी रडले, सांगायला कसली लाज.

दिवेलागणीला मुलीला बावखलाकडे नेलं, कपडे धुवायच्या निमित्तानं. आधी नाहीच म्हणाली. मग मी म्हटलं, मी बघितलंय. तेव्हा बोलली, एका दमात, जणू कधीपासून कुणी विचारायचीच वाट बघत होती.

गणपतीच्या आधी आबांना फण्या मोजता येईनात. एकदा मोजलं की वेगळं, परत मोजलं की वेगळं. तिनं बघितलं, तर म्हणाले, आईबाबांना सांगू नकोस. कारण त्यांचा चुलतभाऊ. तो असाच विसरायला लागला तेव्हा मुलानं त्याला चंदनसारला फ्लॅटमध्ये नेला, चौथ्या मजल्यावर. जाऊ नये कुठं म्हणून ग्रिलला कुलूप. आबा त्याला भेटून आले होते. ग्रिलमधून हात बाहेर काढून तो म्हणाला होता, खाली मातीत ने मला. आबा घरी येऊन दोन दिवस जेवले नव्हते, ते मला आठवलं. त्याचं कारण तेव्हा कळलं नव्हतं.

"मग आबा म्हणाले, फोनमधली बाई सांगते की रोज थोडं थोडं केलं तर येतं," मुलगी म्हणाली. "मला आलं ना. तर त्यांनापण येईल. दुसरा पक्षी घ्यायला बाईंकडून नंबर घ्यावा लागतो. म्हणून माझा खंड्या दिला. चौथीची नाही आली म्हणून तिसरीची लावली. मग दुसरीची. आई, आता पहिलीची लावणार आहे. ती येतील थोडी."

"आणि तुझा गट?"

ती साबण घासत राहिली. "आबांना कळलं तर ते बंद करतील."

"मग बाईंना तरी सांगायचं होतंस."

"बाईंनी सांगितलं तर?" तिनं माझ्याकडे बघितलं. "सगळ्या गावाला कळेल. मग लोक म्हणतील आबांना वाडीत एकटं सोडू नका. मग तुम्ही नेणार."

नऊ वर्षांची पोर. महिनोन्‌महिने जेवणाच्या ताटावर आमच्यासमोर बसत होती, आणि माझी बोलणी खात होती, आणि तोंडातून अवाक्षर नाही. मला तिचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. मला भीती वाटली तिची.

आबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं साध्या साध्या गोष्टी विचारल्या, घड्याळ काढायला लावलं. आबांनी वर्तुळ सुरेख काढलं आणि आत सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. आजाराचं नाव इंग्रजी आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. विसरण्याचा आजार. बरा होणार नाही, खालीच जाणार, सावकाश किंवा भरभर, ते सांगता येत नाही. फोनवरच्या गणितांचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आवडतंय तर करू द्या, उपयोग म्हणाल तर फार धरू नका.

नवरा येताना टेम्पो चालवत होता, त्यानं रस्त्यावरून नजर काढली नाही. घरी आल्यावर म्हणाला, "वाडीतून कुठं नेणार नाही त्यांना. जीव गेला तरी नाही." ते एक बरं झालं. आणि म्हणाला, "तू बाईंना जाऊन सांग. पोरीचं नुकसान कशाला?"

मी म्हटलं, उद्याच सांगते. मुलगी म्हणाली, सांगायचं नाही. मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस. आवाज वाढले. ती म्हणाली, "सांगितलंस तर मी शाळेतच जाणार नाही." मी म्हटलं, "आबांच्या चुकांपायी तू वर्षभर चटईवर बसणार? शिष्यवृत्ती गेली उडत?" ती म्हणाली, "हो." आणि तेव्हा दारात आबा उभे होते. किती वेळ, देव जाणे.

"बाय खाली बसते?" त्यांनी विचारलं. "माझ्यामुळं?"

मुलगी आत निघून गेली. तेच उत्तर झालं.

सकाळी आबा माझ्याआधी उठून तयार. पांढरा सदरा, टोपी, लग्नकार्याला घालतात तशी. बटणं एकाआड एक लागलेली, ती मुलीनं नीट करून दिली. म्हणाले, "चला. मी बाईंना सांगतो. माझी परीक्षा घ्या म्हणतो. मला येत नाही हे त्यांनी बघितलं की बायला वर बसवतील." त्या आजारात असं होतं, अधूनमधून सगळं लख्ख दिसतं माणसाला. मी अडवायला हवं होतं असं कुणी म्हणेल. कुणी अडवून तर दाखवायचं होतं त्यांना त्या सकाळी.

शाळा आमच्यापासून लांब नाही. वाटेत जो भेटेल त्याला आबा हात करत होते. मुलगी त्यांचं बोट धरून चालत होती.

वर्ग भरलेला. आबा सरळ आत गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, त्या चुका माझ्या आहेत. फोन मी करतो. बायला सगळं येतं. तिला वर बसवा."

बाई गडबडल्या. त्यांनी खुर्ची पुढं केली. "आबा, बसा तुम्ही. आपण नंतर बोलू." मुलं कान टवकारून ऐकत होती.

"नंतर नाही. माणूस नुसतं सांगतो त्याला काय अर्थ? माझी परीक्षा घ्या. तुम्ही बघा डोळ्यांनी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हातारा माणूस हट्टाला पेटलाय, एक गणित घातलं की शांत होईल, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी पेटीतून चिंचोके काढले, थोडे, मूठभर, आणि टेबलावर ओतले. "हे मोजा आबा. किती आहेत?"

आबा टेबलाला लागून असलेल्या मुलांच्या बाकावर बसले. गुडघे पार छातीपर्यंत आले. पहिला चिंचोका त्यांनी बाजूला केला. लाभ. मग एक, मग दोन, मग तीन. आबा चुकायला आले होते, आणि चुकणारच होते, त्यात काही अवघड नव्हतं. पण मोजता मोजता त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं. मी बघत होते. कशाला आलो हे त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. समोर चिंचोके होते आणि ते बरोबर मोजायचे होते, एवढंच उरलं. ओठ हलत होते. मोजलेले परत ढिगात मिसळत होते. कपाळावर घाम आला. श्वास घेतला, छाती भरून, परत बघितलं, परत मोजलं.

आणि मान वर केली. तोंड उजळलं होतं. अशी खुशी त्या चेहऱ्यावर मी गेल्या कित्येक महिन्यांत बघितली नव्हती.

"शंभर," आबा म्हणाले.

टेबलावर पंचवीसही चिंचोके नसतील.

कुणीतरी मागं खुदकन हसलं. आबांना ते ऐकू आलं, आणि त्यांचा चेहरा जरा हलला. ते बाकावर वळले आणि चटईकडे बघू लागले. "बाय, बरोबर ना?"

मुलगी उभी राहिली. टेबलाकडे बघितलं तिनं. नुसत्या नजरेनं मोजते ती, मला माहीत आहे.

"बरोबर आहे आबा."

बाई म्हणाल्या, "नीट बघ हं. घाई करू नको. टेबलाजवळ ये, मोजून सांग."

ती टेबलाजवळ आली. एकेक चिंचोका हलवला, ओठ हलवत, सगळे. मोठ्यानं मात्र मोजलं नाही. आबा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"शंभरच आहेत, बाई," ती म्हणाली. आणि आपल्या पायांनी जाऊन चटईवर बसली.

बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. आवाज खाली करून, अगदी मायेनं म्हणाल्या, "ताई, आबांचं वय झालंय, मी समजू शकते. नातीची बाजू घेणारच. पण तिलाही चूक दिसली नाही, हे तुम्ही स्वतः बघितलंत ना? चार दिवसांची गोष्ट नाही ही. राहू दे तिला पाया गटात."

आयुष्यात कुणाचं एक ऐकून घेतलेलं नाही मी. सासरी आल्या दिवसापासून नाही, कंपनीत नाही, रेशनच्या रांगेत नाही. तोंड उघडलंच होतं. वर्गातून ती माझ्याकडे बघत होती, चटईवरून, मान न हलवता. आणि आबा माझ्या कोपराला धरून उभे होते.

मी तोंड मिटलं.

आबा पायरीवर बसून चपला घालू लागले. उजवी डाव्या पायात गेली, मी काढून नीट घातली. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

"झालं ना काम, सूनबाई? बाय वर बसली ना?"

"बसली आबा," मी म्हटलं. "पहिल्या बाकावर बसली."